सीमारेषेच्या अलीकडे: खेळणाऱ्या मुलांच्या आईबाबांसाठी

गेली नऊ वर्षं मी ठाण्यात आणि नवी मुंबईत शाळकरी मुलांच्या क्रिकेट सामन्यांचं स्कोअरिंग करते. मुलगा अकरा वर्षांचा होता तेव्हा हे सुरू झालं. रविवारी दिवसभर मैदानावर थांबायचंच असायचं, म्हणून त्याच्या सरांनी एकदा माझ्या हातात स्कोअरबुक दिलं. मुलाने सतराव्या वर्षी खेळणं थांबवलं, माझं टेबल मात्र सुटलेलं नाही.

स्कोअररच्या टेबलावरून समोर मैदान दिसतं आणि पाठीमागून पालक ऐकू येतात. "ताई, तो लेगबाय नव्हता हो, बॅटला लागला होता, त्याच्या नावावर टाका" अशी विनंती करणारे बाबा मी दर हंगामात पाहते. तेरा वर्षांच्या मुलीला फोनवर ऑफिसातून ओरडणारी आईही पाहिली आहे. तिने क्रिकहिरोज या स्कोअर दाखवणाऱ्या अ‍ॅपवर बघितलं होतं की लेक शून्यावर आऊट झाली. ही सगळी प्रेमळ माणसं असतात. सुट्टीचा दिवस, पैसा, झोप सगळं मुलांसाठी खर्च करतात आणि तरीही त्यांच्या वागण्याने मुलं हळूहळू खेळापासून दूर जातात. पहिल्या वर्षी टिपेला उत्साह असलेली मुलं तिसऱ्या वर्षी पोटात दुखतंय म्हणून रविवारी उठत नाहीत, हे इतक्या वेळा बघितलंय की आता ते आधीच ओळखू येतं.

मुलाचा कव्हर ड्राइव्ह सुधारणं आपल्या हातात नसतं, त्याला निवडून आणणं तर नसतंच. पुढच्या रविवारी त्याला पुन्हा मैदानावर यावंसं वाटेल की नाही, हे मात्र बरंचसं आपल्या हातात असतं. खाली जे लिहिलंय ते सगळं तेवढ्यासाठी. उदाहरणं क्रिकेटची जास्त आहेत, कारण माझे रविवार तिथे गेले. पण फुटबॉल, कबड्डी, बॅडमिंटन, पोहणं, कशालाही ते लागू पडेल.

हंगाम सुरू होण्याआधी: मुलालाच विचारा

एखाद्या साध्या संध्याकाळी, सामना किंवा सिलेक्शन जवळ नसताना विचारा. तलावपाळीला चक्कर मारताना किंवा घरी भाजी निवडताना. समोरासमोर बसवून विचारलं की मुलाला ती चौकशी वाटते. हात कामात असले की मुलं मोकळी बोलतात. तीन प्रश्न पुरतात.

तुला या खेळात सगळ्यात जास्त काय आवडतं? उत्तर "मित्र" असेल तर ते खरं माना. दहा-बारा वर्षांच्या बहुतेक मुलांचं उत्तर तेच असतं. त्यात कमीपणा काही नाही.

मी सामन्याला आलेलं आवडतं का, आणि आले तर कुठे बसू? काही मुलांना आई-बाबा डोळ्यांसमोर हवे असतात, काहींना झाडामागे. "येऊ नका" असं उत्तर आलं तर पहिल्या क्षणी मनाला लागतं. तरी ते पाळा, निदान दोन सामने.

सामना संपल्यावर मी काय बोललेलं आवडेल?

हा तिसरा प्रश्न मी माझ्या मुलाला फार उशिरा विचारला, तो चौदा वर्षांचा असताना. तो म्हणाला, "बोलायचं जाऊ दे आई. तू टेबलवर बसून मान हलवतेस ना, ते मला दिसतं." मी तोंडातून एक शब्द काढत नाही याचा मला अभिमान होता. तो प्रत्येक चुकलेल्या चेंडूनंतर माझ्याकडे बघत होता आणि माझी मान त्याला सगळं सांगत होती. त्या दिवशी मला कळलं की कपाळावर मारलेला हात, टाकलेला उसासा, शेजारच्याकडे वळून केलेली कुजबुज, सगळं खेळपट्टीपर्यंत पोचतं.

आदली रात्र आणि सकाळ

किट बॅग मुलाने भरायची. दहा वर्षांचा झाला की ते काम त्याचं. ग्लोव्हज राहिले तर तो मित्राकडे मागेल आणि पुढच्या वेळी विसरणार नाही. तुम्ही मागे धावत नेऊन दिलेत तर विसरणं चालूच राहील.

रात्री लक्ष्य देऊ नका. "उद्या पन्नास झाले पाहिजेत" किंवा "दोन गोल मारलेस तर बूट घेऊ" हे वाक्य मुलाच्या झोपेत जाऊन बसतं. सकाळी नेहमीचंच खाणं, पोहे, उपमा, पोळी-भाजी, सामन्याच्या दोनेक तास आधी. सामन्याच्या दिवशी नवीन काही खायला घालून बघू नये. पाण्याची मोठी बाटली, जमल्यास लिंबू-मीठ-साखरेचं पाणी.

आणि लवकर निघा. घोडबंदर रोडवर अडकलेल्या गाडीत आई-बाबांचं जे भांडण होतं, ते मागच्या सीटवर पॅड मांडीवर घेऊन बसलेला खेळाडू पूर्ण ऐकत असतो. मैदानावर पाऊण तास आधी पोचण्याचा हिशेब धरला की निम्मी चिडचिड घरीच राहते.

मैदानाच्या कडेला

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून जरा थांबून सांगते.

कडेने ओरडून दिलेल्या सूचना का चालत नाहीत याचा साधा हिशेब मांडते. तेरा-चौदा वर्षांच्या चांगल्या गोलंदाजाचा चेंडू ताशी ९० किलोमीटरने येतो असं धरा, म्हणजे सेकंदाला २५ मीटर. हातातून सुटल्यापासून फलंदाजापर्यंतचं अंतर साधारण १८ मीटर. पाऊण सेकंदही मिळत नाही. तेवढ्यात चेंडू बघायचा, टप्पा ओळखायचा, पाय हलवायचा, बॅट आणायची. त्याच वेळी कडेने "पुढे ये! पुढे ये!" असं ऐकू आलं तर मुलाचं लक्ष चेंडू आणि आवाज यांत फाटतं. कबड्डीत चढाई ३० सेकंदांची. समोर सात जण, तोंडात कबड्डीचा दम, डोळा बोनस रेषेवर, आणि बाहेरून चार जणांच्या चार सूचना. फुटबॉलमध्ये तर पालक बहुतेक वेळा चेंडू ज्याच्या पायात आहे त्यालाच "मार!" म्हणतात, आणि कोचने आठवडाभर शिकवलेलं असतं की मान वर कर, बघ, पास दे.

मग मूल काय करतं? सूचना पाळली आणि चुकलं तर कोच रागावतात, पाळली नाही तर घरी बोलणी बसतात. यातून सुटायला ते सगळ्यात सुरक्षित गोष्ट करतं: धोका पत्करतच नाही. चेंडू आला की लांब ढकलून द्यायचा, चढाईत रेषेला पाय लावून परत यायचं. गुणी मूल बुजलेलं दिसू लागलं की बहुतेक वेळा कारण इथे सापडतं.

तेव्हा कडेला बसण्याची पद्धत अशी ठेवा.

संघाच्या बाकापासून आणि कोचपासून लांब बसा. फुटबॉलला गोलपोस्टच्या मागे तर अजिबात नको. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने २००८ मध्ये ‘रिस्पेक्ट’ नावाची मोहीम सुरू केली, तेव्हा मुलांच्या सामन्यांत पालकांसाठी मैदानापासून मागे वेगळी रेषा आखण्याची पद्धत आणली. आपल्याकडे एवढंही लागत नाही. चुन्याची एक रेघ किंवा चार कोन पुरतात. मी स्कोअरिंग करते त्या काही सामन्यांत आम्ही दोरी बांधतो. पहिल्या दिवशी पालकांना अपमान वाटतो, तिसऱ्या रविवारी ते स्वतःच खुर्च्या दोरीमागे लावतात.

टाळ्या दोन्ही संघांसाठी वाजवा. समोरच्या संघातल्या मुलाने सुंदर झेल घेतला आणि आऊट झालेला मुलगा तुमचा असला, तरी.

नावं घेऊन सूचना नकोत. "मस्त", "शाब्बास", "चला रे पोरांनो" एवढं पुरतं, आणि तेही चेंडू मेला, म्हणजे त्यावरचा खेळ थांबला, की. क्रियापद टाळा, हा माझा ठोकताळा: मार, पळ, सोड, टाक, पकड असं काही तोंडात आलं की समजा तुम्ही कोचच्या खुर्चीत बसलात.

तोंड आवरत नसेल तर हाताला काम द्या. एका बाबांना मी पाणी वाटायचं काम दिलं होतं, दुसऱ्यांना धावफलकाच्या पाट्या बदलायचं. पाट्या बदलणारा माणूस सगळ्या मुलांच्या धावा मोजतो, त्यामुळे आपल्याच मुलावर खिळलेली नजर आपोआप सुटते.

व्हिडिओ काढायचा तर एका जागी फोन ठेवून काढा आणि मुलाने मागितल्याशिवाय दाखवू नका. दुसऱ्यांच्या मुलांची, विशेषतः मुलींची चित्रफीत त्यांच्या आईवडिलांना न विचारता ग्रुपवर किंवा इन्स्टाग्रामवर टाकायची नाही.

पंच आणि रेफरी

वयोगटाच्या सामन्यांत उभे असलेले पंच पुष्कळदा कॉलेजातली मुलं असतात किंवा जुने खेळाडू, थोड्याशा मानधनावर उन्हात सहा तास उभे. त्यांच्या चुका होतात. टेबलावरून मला त्या दिसतातही. तरीही पालकाने पंचाशी वाद घातलेल्या एकाही सामन्यात निर्णय बदललेला मी पाहिला नाही. बदलतं ते मुलाचं वागणं. पायचीत दिल्यावर बॅट आपटत परतणारा मुलगा घरातलीच भाषा बोलत असतो.

आक्षेप असेल तर तो संघाचा कर्णधार किंवा व्यवस्थापक ठरलेल्या मार्गाने नोंदवतो. पालकाला तिथे जागा नाही. सामना संपल्यावर मुलासोबत पंचांकडे जाऊन "थँक्यू सर" म्हणा. हरलेल्या दिवशी तर नक्की.

परतीचा रस्ता

माझी सगळ्यात मोठी चूक इथली, म्हणून ती सांगते.

मुलगा बारा वर्षांचा होता. वाशीला सामना होता, शेवटच्या षटकात आठ धावा हव्या होत्या आणि हा उंच मारायला जाऊन झेल देऊन आला. आम्ही ट्रान्स हार्बरची गाडी पकडली. सानपाड्याला मी बोलायला सुरुवात केली, अगदी शांत आवाजात, समजावून. एकेक धाव का काढली नाहीस, समोरचा सेट होता, त्याला स्ट्राइक द्यायचा. तुर्भे गेलं, कोपरखैरणे गेलं. घणसोलीला मी त्याच्या मागच्या सामन्यातला तसाच फटका काढला. तो खिडकीबाहेर बघत होता. ऐरोलीनंतर खाडी दिसायला लागली तेव्हा तो म्हणाला, "आई, मला माहितीये." एवढंच. ठाण्याला उतरल्यावर त्याने नेहमीसारखा वडापाव मागितला नाही.

मला वाटलं होतं मी शिकवतेय. त्याची चूक त्याला झेल उडाला त्याच क्षणी कळली होती. मी ती त्याला स्टेशनामागून स्टेशन पुन्हापुन्हा दाखवत बसले. पुढे महिनाभर तो सामना हरला की मित्रांच्या बाबांच्या गाडीतून यायचा.

आता कोणी विचारलं की एकच गोष्ट सुधारायची तर कुठली, तर मी परतीचा रस्ता सांगते. काय करायचं ते असं:

मैदानाबाहेर आल्यावर पहिलं वाक्य खेळाविषयी नको. "भूक लागलीये का?" हे उत्तम वाक्य आहे. पाणी द्या, बॅग एका बाजूने धरा, चालायला लागा.

घरी पोचेपर्यंत विश्लेषण बंद. जिंकल्यावरसुद्धा. जिंकल्यावर केलेलं विश्लेषण कौतुकासारखं वाटतं, पण मूल त्यातून हेच शिकतं की आईचा मूड धावफलकावर चालतो.

मूल स्वतःहून बोलायला लागलं तर ऐका. "मग?" "अच्छा." "तुला काय वाटलं तेव्हा?" इतकंच. "पण तू जर..." हे तीन शब्द गिळून टाका. रडत असेल तर "रडू नकोस, मुलगा ना तू" असलं काही बोलू नये. रडू द्या. रिक्षात रडू आवरत नसेल तर दोन चौक अलीकडे उतरून चाला.

दिवसात कधीतरी, खऱ्या मनाने, एवढंच सांगा: "तुला खेळताना बघायला मला छान वाटतं." शून्य केलेल्या दिवशी हे वाक्य जास्त कामाला येतं. शतकाच्या दिवशीच तेवढं म्हटलंत तर मूल त्याचा खरा अर्थ बरोबर लावतं.

तांत्रिक बोलायचंच असेल, म्हणजे तुम्ही स्वतः खेळलेले असाल आणि तुम्हाला खरंच काही दिसलं असेल, तर दुसऱ्या दिवशी आधी विचारा, "कालच्या खेळाबद्दल एक गोष्ट दिसली, सांगू का?" "नको" म्हणायची मुभा खरी हवी. एकदा "नको" आलं आणि तुम्ही तरीही सांगितलंत, तर पुढच्या वेळचं "हो" नुसतं तुम्हाला बरं वाटावं म्हणून असेल.

आजी-आजोबा आणि काका-मामांनाही हे आधी सांगून ठेवा. मूल दारातून आत येताच "किती काढलेस?" हा पहिला प्रश्न तेच विचारतात. त्याऐवजी "मजा आली का?" विचारायला सांगा. माझ्या सासूबाईंनी हे दोन दिवसांत आत्मसात केलं, मला दोन वर्षं लागली.

कोचशी बोलताना

सामना संपल्यापासून चोवीस तास कोचला फोन नाही, मेसेज नाही. ग्रुपवर तर कधीच नाही. त्यानंतर वेळ मागून घ्या आणि बॅच सुरू व्हायच्या आधी किंवा संपल्यावर, मूल ऐकत नसताना बोला.

कशाबद्दल बोलायचं? मुलाची तब्येत, झोप, शाळेचा ताण, त्याचं घरचं वागणं, आणि त्याने सुधारण्यासाठी काय करावं. कशाबद्दल नाही? दुसऱ्याचा मुलगा, बॅटिंगचा क्रम, डावपेच. "सर, त्याला वर का खेळवत नाही?" या प्रश्नातून वादच निघतो. "सर, वर खेळायला त्याच्या खेळात अजून काय यायला हवं?" या प्रश्नाला सर थांबून उत्तर देतात. त्याहून चांगलं म्हणजे मुलानेच हा प्रश्न विचारणं. बारा वर्षांपुढच्या मुलाला घरी एकदोनदा सराव करून द्या आणि स्वतः लांब उभे राहा. सरांसमोर उभं राहून स्वतःसाठी बोलता येणं हे त्याला खेळ सुटल्यावरही उपयोगी पडेल.

आणि कृपा करून नेट्सच्या मागे उभं राहून समांतर कोचिंग करू नका. सर म्हणतात कोपर वर, बाबा म्हणतात डोकं खाली. पोरगं मध्ये अडकतं.

जिथे गप्प बसायचं नाही

आतापर्यंत गप्प बसायला सांगितलं. काही ठिकाणी गप्प बसणं हा गुन्हा ठरेल.

डोक्याला मार लागला, मूल गोंधळलेलं आहे, मळमळतंय, डोकं दुखतंय, नजर ठरत नाही, तर त्या दिवशी ते परत मैदानात उतरणार नाही. अंतिम सामना असला तरी नाही. कोच म्हणाले तरी नाही, मूल हट्ट करत असलं तरी नाही. डॉक्टरांनी बघितल्यावरच पुढचं. विजा कडाडू लागल्या तर मैदान रिकामं करायला सांगा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. ठाण्यातल्या जून-सप्टेंबरच्या फुटबॉलला हे वारंवार लागतं. एप्रिल-मेच्या उन्हात दुपारचा सामना असेल तर पाण्यासाठी जास्तीचे थांबे मागा.

मारहाण, जातीवरून-रंगावरून-वजनावरून टोमणे, शिक्षा म्हणून पाणी न देणं, हे "शिस्त" या नावाखाली चालू देऊ नका. अकॅडमीत दाखल करण्याआधीच विचारा: प्रथमोपचाराची पेटी कुठे आहे, मुलींच्या बॅचला बाई असतात का, बाहेरगावच्या स्पर्धेत मुलं कोणासोबत राहतात, कपडे बदलायची सोय कशी आहे. मोठ्या माणसाने मुलाला एकट्याला खासगी मेसेज करणं, एकट्याला गाडीतून नेणं, हे कुठल्याही कारणाने चालणार नाही असं पहिल्याच दिवशी ठरवा. लैंगिक छळाचा संशय आला तर २०१२ चा पॉक्सो कायदा माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याची जबाबदारी टाकतो. क्लबची बदनामी होईल म्हणून आपसात मिटवायचं नाही. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक मुलालाही पाठ असू द्या.

निवड यादी लागते तेव्हा

यादीत नाव नसलं की घरात सुतक पडतं. पहिला तास फक्त मुलाजवळ बसा. "राजकारण आहे", "वशिला लागतो" हे त्याच्यासमोर बोलू नका, तुम्हाला तसं वाटत असलं तरी. त्याला एकदा पटलं की मेहनतीचा उपयोग नाही, तर सोमवारी सरावाला जायचं कारणच उरत नाही.

थोडं शांत झालं की काही गोष्टी समजून घ्या. बीसीसीआयच्या वयोगटांत वय १ सप्टेंबरला मोजतात, शालेय स्पर्धांच्या १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत १ जानेवारीपासून. म्हणजे एकाच गटात सप्टेंबरात जन्मलेला मुलगा आणि पुढच्या ऑगस्टात जन्मलेला मुलगा एकमेकांसमोर उभे असतात. तेराव्या-चौदाव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक खूप मोठा. त्यात कोणाची उंची लवकर वाढते, कोणाची दोन वर्षं उशिरा. आज जो दांडगा म्हणून निवडला जातोय त्याची वाढ सोळाव्या वर्षी थांबलेली असू शकते, आणि आज चेंडू तीस यार्डाच्या वर्तुळाबाहेर न जाणारा मुलगा तेव्हा वाढायला लागतो. लहानखुऱ्या मुलाला या काळात टिकवून धरणं एवढंच पालकाने करायचं असतं.

यातूनच जन्मतारीख बदलण्याचा मोह होतो. मला टेबलावर बसून दाखले बघावे लागतात, म्हणून स्पष्ट सांगते: असं करू नका. बीसीसीआय मनगटाचा एक्स-रे काढून टीडब्ल्यू-३ पद्धतीने हाडांचं वय तपासतं. पण पकडलं जाण्याच्या भीतीपेक्षा मोठी गोष्ट अशी की तुम्ही मुलाला सांगताय, तू आहेस तसा पुरेसा नाहीस, म्हणून आपण खोटं बोलू.

घरी सांगायला एक गोष्ट मात्र नेरुळमधलीच आहे. ३० ऑक्टोबर २०२५ ला डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात जेमिमा रॉड्रिग्सने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ केल्या. त्याच स्पर्धेत एका सामन्यात तिला वगळलं होतं. सामन्यानंतर तिने सगळ्यांसमोर सांगितलं की त्या दिवसांत ती खूप अस्वस्थ होती, आईला फोन करायची आणि रडायची. तीन दिवसांनी, २ नोव्हेंबरला, त्याच मैदानावर अंतिम सामन्यात शफाली वर्माने ८७ धावा केल्या आणि दोन बळी घेतले. स्पर्धेच्या मूळ संघात तिचं नावच नव्हतं. प्रतिका रावल जखमी झाली म्हणून तिला बोलावलं. मुलांना शफालीची गोष्ट सांगा. स्वतःसाठी मात्र जेमिमाची लक्षात ठेवा. भारताकडून खेळणाऱ्या मुलीलाही फोन उचलून नुसतं ऐकून घेणारी आई लागते.

शरीर, झोप आणि अभ्यास

मे महिन्याच्या सुट्टीत सकाळी एक कॅम्प, दुपारी टर्फ, संध्याकाळी दुसरी अकॅडमी असं वेळापत्रक असलेली अकरा वर्षांची मुलं मी बघते. वाढत्या वयात हाडांच्या टोकांजवळचा भाग अजून कच्चा असतो. गुडघ्याखाली, टाचेत, खांद्यात सतत दुखणं हे तिथे ताण आल्याचं लक्षण असतं. कोवळ्या वेगवान गोलंदाजांच्या कमरेच्या मणक्याला बारीक तडा जाणं तर डॉक्टरांच्या चांगल्या परिचयाचं आहे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त दुखत असेल तर स्प्रे मारून खेळवू नका, हाडांच्या डॉक्टरांकडे न्या.

आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती, आणि वर्षात सगळे मिळून दोन-तीन महिने त्या एका खेळापासून सुट्टी, असा सल्ला अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना देते. आठवड्याचे सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नसावेत, हाही सोपा हिशेब: बारा वर्षांच्या मुलाला बारा तास पुष्कळ झाले. बाराव्या वर्षीच एकच खेळ पक्का करायची घाई नको. पावसाळ्यात फुटबॉल, थंडीत क्रिकेट, सुट्टीत पोहणं, याने शरीर सगळ्या बाजूंनी तयार होतं.

दहावी-बारावीला मिळणाऱ्या क्रीडागुणांसाठी खेळ चालू ठेवणाऱ्यांशी माझं भांडण नाही. फक्त ते कारण तुमचं आहे की मुलाचं, ते तपासा. फीचं तसंच. "तुझ्यावर वर्षाला एवढे खर्च करतोय" हे वाक्य मुलासमोर एकदा बोललं की प्रत्येक चुकलेला चेंडू त्याला पैशात मोजावा लागतो. झेपेल तेवढंच खर्च करा आणि तो विषय मोठ्यांत ठेवा. धाकट्या बहिणीचे सगळे रविवार दादाच्या सामन्यांना जात असतील, तर महिन्यातला एक रविवार पूर्ण तिचा.

बाकीचे पालक

एकटे तुम्ही बदललात तरी शेजारचे काका ओरडत असतात. त्यांना सामन्यात टोकू नका, भांडण वाढतं. पाण्याची बाटली पुढे करा, "चला, तिकडे सावलीत बसू" म्हणा. निम्म्या वेळा तेवढ्याने भागतं.

हंगामाच्या सुरुवातीला क्लबकडून अर्ध्या तासाची पालकसभा मागा. आमच्या सभेचा क्रम असा असतो: सर पाच मिनिटं सांगतात की या वर्षी मुलांना काय शिकवणार आणि कोणाला किती खेळायला मिळणार. मग मुलांनी आधीच चिठ्ठ्यांवर लिहिलेली, नाव नसलेली वाक्यं वाचून दाखवतात. "बाबा, मी आऊट झाल्यावर फोनवर कोणाला तरी सांगू नका" अशी एक चिठ्ठी होती. त्यानंतर सभागृहात कोणी बोलत नाही. शेवटी पाच-सहा नियम ठरतात आणि सगळे सही करतात: दोरीमागे बसणं, सूचना नाहीत, पंचांशी बोलणं नाही, चोवीस तासांचा नियम, ग्रुपवर फक्त वेळ आणि जागा. एक आई किंवा बाबा त्या दिवसाचे जबाबदार, पाळीपाळीने. नियम मोडणाऱ्याला पहिल्या वेळी सर बाजूला घेऊन बोलतात, दुसऱ्या वेळी पुढचा सामना त्या पालकांनी घरी थांबायचं. मुलाला त्याची शिक्षा नाही, हे नियमातच लिहा.

मूल "सोडतो" म्हणालं तर

हरलेल्या रात्री म्हटलं असेल तर नुसतं ऐकून घ्या. आठवड्याने पुन्हा म्हटलं तर बसून विचारा: खेळ नकोय, की ही बॅच, हे सर, इतका प्रवास नकोय, की आमचं वागणं? शेवटचा पर्याय तुम्हीच शब्दात आणून द्या, मूल आपणहून म्हणणार नाही. संघाला शब्द दिला असेल तर चालू स्पर्धा संपवायची, मग थांबायचं, असं दोघांनी मिळून ठरवा. सरांना मुलाने स्वतः जाऊन सांगावं, तुम्ही सोबत उभे राहा.

माझ्या मुलाने सांगितलं तेव्हा बारावीचं वर्ष होतं. मी एकदा विचारलं, "नक्की?" तो हो म्हणाला. नंतरच्या शनिवारी आम्ही दोघांनी त्याचं किट बाहेर काढलं, पॅडचे पट्टे धुतले, बॅटला नवी ग्रिप चढवली आणि सगळं त्याच्या जुन्या सरांकडे नेऊन दिलं. आता एक आठवीतला मुलगा ती बॅट घेऊन येतो. कधी रविवारी माझा मुलगा सोबत असतो, टेबलावर माझ्या बाजूला बसतो, पेन्सिलींना टोक करून देतो. तो मुलगा आऊट होऊन परत येताना माझा मुलगा उठून त्याला पाणी नेऊन देतो, काही बोलत नाही, आणि परत येऊन बसतो.